हजार जणांचा ग्रुप मुका का झाला?

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातला दारव्ह्याकडचा एक तरुण कास्तकार विचारतो: 2017 च्या बोंडअळीनंतर त्यानं परिसरातल्या कापूसवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. अडीचशेच्या आत माणसं होती तोवर रोज प्रश्न यायचे, पानांचे फोटो यायचे, रात्री अकरालासुद्धा कोणीतरी उत्तर द्यायचं. 2022 नंतर ग्रुप हजाराच्या घरात गेला. आता दिवसभरात येतं काय, तर सुविचार, वाढदिवसाचे बॅनर आणि औषधांच्या जाहिराती. जुनी जाणती माणसं गुपचूप निघून गेली. "लोक रील पाहायला लागले म्हणून असं झालं का? ग्रुप बंद करू, नवा काढू, की यूट्यूब चॅनल सुरू करू?"

भाऊ, शेतकरी गटांचं काम करायला लागून मला वीसेक वर्षं झाली, आणि 2013 पासून त्यातला मोठा भाग मोबाईलवरच्या ग्रुपांचा आहे. वर्धा, यवतमाळ, अमरावती या तीन जिल्ह्यांत मी काढलेले, वाढवलेले आणि डोळ्यांदेखत मेलेले असे बरेच ग्रुप आहेत. तुमचा प्रश्न वाचून नवल वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं. म्हणून जरा लांबच लिहिते.

आधी सरळ सांगते. रीलनं तुमचा ग्रुप मारला नाही. लोक रील पाहतात हे खरं, पण ज्याच्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं लाल पडताहेत तो माणूस रील पाहता पाहताही विचारायला जागा शोधत असतो. तुमच्या ग्रुपात विचारलं तर उत्तर मिळेल, ही त्याची खात्री गेली. ती कधी आणि कशी गेली, ते पाहू.

व्हॉट्सॲपनं 2016 मध्ये ग्रुपची मर्यादा 256 केली होती. 2022 मध्ये ती आधी 512 आणि त्याच वर्षी 1,024 झाली. तुमच्यासारख्या शेकडो ॲडमिननी तेव्हा ग्रुप भरायला घेतले. मीही भरले. जागा आहे आणि लोक मागताहेत, तर नाही कशाला म्हणायचं, असंच वाटतं. शेजारच्या तालुक्यातले, मग दुसऱ्या जिल्ह्यातले, मग कोणाचा तरी साळा, कोणाचा तरी औषधवाला मित्र. दोन-तीन महिन्यांत तुमच्या ग्रुपातली निम्मी-अधिक माणसं अशी झाली की ज्यांनी पहिल्या तीन वर्षांतलं एकही बोलणं ऐकलं नव्हतं. प्रश्न कसा विचारायचा, कोणाचं उत्तर वजनदार, कोणता विषय इथं काढायचा नाही, हे जुन्यांना न सांगता कळलेलं होतं. नव्यांना ते कोणी सांगितलंच नाही.

इंटरनेटवर ही गोष्ट फार जुनी आहे. 1980 च्या सुमाराला अमेरिकेतल्या विद्यापीठांत यूजनेट नावाची चर्चेची व्यवस्था सुरू झाली. दर सप्टेंबरला कॉलेजात नवी पोरं यायची, त्यांच्या हाती नेट यायचं आणि काही आठवडे तिथं नुसता गोंधळ चालायचा. जुने लोक त्यांना रागवून, समजावून वळण लावायचे आणि पुढच्या महिन्यापर्यंत सगळं मार्गी लागायचं. 1993-94 मध्ये खासगी कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना तिथलं दार उघडून दिलं. मग नवी माणसं वर्षातून एकदा नाही, रोज येऊ लागली. वळण लावणारे तेवढेच राहिले. त्या काळाला तिथले जुने लोक आजही न संपणारा सप्टेंबर म्हणतात.

आपल्याकडे नवा गोऱ्हा शिकवायचा तर जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतात. तो जुना बैल सरळ तास धरून चालतो आणि नवा त्याच्या खांद्याला खांदा लावून शिकतो. एका बैलाजवळ एका वेळी एकच गोऱ्हा शिकतो. तुमच्या ग्रुपात एकेका जुन्या बैलामागे तीन-तीन गोऱ्हे सोडले गेले. त्यांची काही चूक नाही. जुंपणारा आपण होतो.

आता त्या जुन्या बैलांबद्दल. जेकब नीलसन या अभ्यासकानं 2006 मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला होता: अशा समूहात शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ कधीमधी बोलतात आणि एक जण बहुतेक सगळं लिहितो. तो आकडा काट्यावर तोलून घेऊ नका, पण तुमचा ग्रुप आठवून पाहा. अडीचशेत खऱ्या अर्थानं उत्तर देणारे कितीक होते? दोन, तीन, फार तर पाच. हजार झाल्यावर त्यांचे वीस व्हायला हवे होते. तसं होत नाही, कारण नवा माणूस येतो तो घ्यायला येतो. द्यायला तो दोन-तीन हंगामांनी लागतो, तेही इथं दिलेलं वाया जात नाही हे पाहिल्यावर. म्हणजे प्रश्न चौपट झाले आणि उत्तर देणारे तेच पाच.

हिंगणघाटकडच्या एका काकांची गोष्ट सांगते. सातवी शिकलेले, पण कपाशीची नस न् नस माहीत. बोंडअळीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या ग्रुपात कोणी "अळी दिसते, काय मारू?" असं विचारलं की ते कधीच औषधाचं नाव आधी सांगायचे नाहीत. ते विचारायचे, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले का? सलग तीन रात्री एकेका सापळ्यात आठ-आठ पतंग आले का? डोमकळ्या (अळी शिरल्यानं न उमललेल्या कळ्या) मोजल्या का? हिरवी बोंडं फोडून पाहिली का? चार प्रश्नांत विचारणाऱ्याचं त्यालाच कळायचं की फवारणीची वेळ आली आहे की नाही. पुढे ग्रुप वाढला. एक दिवस काकांनी असंच विचारलं, तर कोणा नव्या पोरानं लिहिलं, "औषध माहीत नसेल तर सांगू नका, टाइमपास करू नका." काकांनी काही उत्तर दिलं नाही. मी तो मेसेज पाहिला होता आणि मीही काही बोलले नाही. तेव्हा कामात होते, नंतर राहून गेलं. दोन महिन्यांनी त्यांच्या वावरात भेट झाली तेव्हा म्हणाले, "तिथं आता कोणी पुसत नाही वो बाई, सारे सांगतच राह्यते."

अशी माणसं भांडून जात नाहीत. आधी उत्तर थांबतं. मग ग्रुप म्यूट होतो. मग फोन बदलला की त्या निमित्तानं बाहेर पडतात. ॲडमिनला हे दिसत नाही, कारण त्याच आठवड्यात दहा नवे आलेले असतात आणि आकडा वरच जात असतो. तुम्ही आकडा पाहत होता, मीही आकडाच पाहत होते.

आपल्या भागात उत्तर देणारा जाण्याची किंमत शहरातल्या ग्रुपापेक्षा जास्त आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, उकाडा, तोंडाला नुसता दुपट्टा आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. कोणती औषधं कशात मिसळू नयेत हे ज्याला ठाऊक आहे तो ग्रुपातून गेला आणि "हे न् हे मिसळून मारा, जोरदार रिझल्ट" म्हणणारा राहिला, तर तो ग्रुप मुका होण्यापेक्षाही वाईट झाला. फॉरवर्डचंही तसंच. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल असं बंधन घातलं. एप्रिल 2020 पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. कंपनीला जे करायचं ते तिनं केलं. तुमच्या ग्रुपात काय टिकावं हे मात्र तुमच्यावरच आहे.

माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्याही ग्रुपात झाली असावी असं जाहिरातींवरून वाटतं. माझा एक ग्रुप जोरात असताना एका कृषी केंद्राच्या मालकानं विचारलं, मी आठवड्यातून एकदा फुकट सल्ला देऊ का? माणूस पदवीधर, बोलायला चांगला. मी हो म्हटलं. पहिले चार सल्ले खरोखर चांगले होते. पाचव्यात एका टॉनिकचं नाव आलं. मग प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या टॉनिकपाशी यायला लागलं. मी थांबवेपर्यंत दुसऱ्या दोन दुकानदारांनी आपापल्या बाटल्यांचे फोटो टाकायला सुरुवात केली होती. त्यानंतर ग्रुपात कोणी खरं उत्तर दिलं तरी लोक मनात विचारायचे, याला यातून काय मिळतं? ग्रुपातला विश्वास असा जातो. एकाचा गेला की सगळ्यांचा जातो, आणि प्रामाणिक माणसाला आपल्याकडे त्या नजरेनं पाहिलेलं सहन होत नाही.

प्लॅटफॉर्म बदलावा का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. इथं थोडा इतिहास कामाचा आहे. 2008 च्या आसपास आपल्या तालुक्याच्या गावांतली कॉलेजची पोरं सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ऑर्कुट नावाची ओळखी-गप्पांची साइट उघडायची. जानेवारी 2004 मध्ये सुरू झालेलं ते ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. त्यातल्या कम्युनिटीत एक गोष्ट चांगली होती: प्रत्येक विषय आपल्या मथळ्याखाली राहायचा, सहा महिन्यांनी आलेल्यालाही सापडायचा. मग फेसबुक आलं. तिथं वरून काय दिसावं हे कंपनी ठरवते. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, मार्च 2017 पर्यंत फुकट नेट मिळालं आणि तोवर पोरांच्या हातातली गोष्ट बापाच्या हातात आली. आपल्या गावांतले खरे ग्रुप तेव्हा सुरू झाले, कारण कास्तकार स्वतः पहिल्यांदा आत आला. टिकटॉकवर आपल्या भागातल्या किती पोरापोरींनी वऱ्हाडी बोलीत व्हिडिओ करून लोक जोडले होते. 29 जून 2020 ला सरकारनं 59 ॲपवर बंदी घातली आणि ती सगळी जमवाजमव एका रात्रीत गेली. पुढच्याच महिन्यात इंस्टाग्रामचे रील आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. 2020 च्या डिसेंबरात याहू ग्रुप्स बंद झाले, 2024 च्या जुलैत कू हे देशी ॲप बंद झालं.

ही यादी घाबरवायला देत नाही. घर भाड्याचं आहे एवढंच ध्यानात घ्या. भाड्याच्या घरात राहायला हरकत नाही, सगळे राहतात. पण भिंतीत सोनं पुरायचं नाही.

आमच्या ग्रुपात चार वर्षं जे सांगितलं गेलं ते सगळं व्हॉट्सॲपमध्येच होतं. काकांचे ते प्रश्न, हलक्या बरड जमिनीत कोणतं वाण तगलं, कोणत्या नाल्याकाठी मर रोग येतो, सगळं. फोन फुटला, मेमरी भरली, कोणी "क्लिअर चॅट" दाबलं, की गेलं. वर, आपली माणसं टाइप करत नाहीत, व्हॉइस टाकतात. तीन मिनिटांच्या व्हॉइसमध्ये दोन मिनिटं वीस सेकंदांवर मोलाची गोष्ट असते आणि ती परत कोणाला सापडत नाही. म्हणून 2021 पासून मी एक वही ठेवते. साधी, दोनशे पानांची. हंगामात आलेला प्रत्येक खरा प्रश्न, मिळालेलं उत्तर, आणि शेवटच्या रकान्यात काय झालं ते. तो शेवटचा रकाना भरायला फोन करावा लागतो: "भाऊ, तुम्ही जुलैत विचारलं होतं, मग काय केलं? काय झालं?" या एका फोनमुळे जेवढी माणसं ग्रुपात टिकली तेवढी दुसऱ्या कशानं टिकली नाहीत. आपल्या वावराचं पुढं काय झालं हे कोणाला तरी जाणून घ्यायचं आहे, असं त्यांना वाटतं. आणि वहीतून दुसऱ्या वर्षी त्याच प्रश्नाचं उत्तर, ज्यानं दिलं त्याच्या नावासकट, फोटो काढून टाकता येतं. उत्तर देणाऱ्याला तेच तेच दहा वेळा बोलावं लागत नाही.

यूट्यूब चॅनल काढायचं तर काढा, पण ते दुसरं काम आहे. तिथं प्रेक्षक असतात, शेजारी नसतात. व्हिडिओतला माणूस भारी काळ्या जमिनीचं सांगतो की मुरमाड जमिनीचं, तुमच्या मंडळात पाऊस कधी पडला, हे त्याला माहीत नसतं. पाहणाऱ्याला उलट विचारता येत नाही, विचारलं तरी शेकडो कमेंटमध्ये ते बुडतं.

मेलेला ग्रुप आणि झोपलेला ग्रुप यांत फरक करायला शिका. कास्तकारांचा ग्रुप मृगाच्या तोंडावर जागा होतो, जुलै ते सप्टेंबर धावतो, वेचणी लागली की मंदावतो, कापूस विकायच्या वेळी भावासाठी पुन्हा बोलतो आणि एप्रिल-मे मध्ये, लग्नसराईत, जवळजवळ बंद असतो. मेमधली शांतता पाहून घाबरलेल्या ॲडमिननी "ग्रुप ॲक्टिव्ह ठेवा" म्हणून रोज काहीतरी टाकायला सुरुवात करावी आणि लोकांनी कंटाळून म्यूट करावं, असं मी अनेकदा पाहिलंय. सुविचारांची सुरुवात बहुतेक ग्रुपांत इथूनच होते. खरी परीक्षा जुलैची. जुलैत सकाळी आलेल्या प्रश्नाला संध्याकाळपर्यंत जाणत्या माणसाचं उत्तर येतं का, एवढंच पाहा. येत असेल तर बाकी शांतता चालेल.

आणि काही ग्रुप मरायलाच हवेत. मे 2020 च्या अखेरीस टोळधाड आली. मोर्शी, वरुड, आमच्याकडचं आष्टी, पुढे काटोल. आम्ही एका संध्याकाळी ग्रुप काढला. थवा कुठं उतरला, वारा कुठला, कोणत्या शिवारात रात्री मुक्काम पडला, हे दर तासाला कळत होतं. गावोगाव लोक डबे-थाळ्या वाजवत संत्र्याच्या बागांत उभे होते, कृषी विभागाची फवारणीची गाडी कुठं वळवायची तेही लोक सांगत होते. माझ्या आयुष्यात पाहिलेला तो सर्वांत जिवंत ग्रुप. टोळ गेले आणि मला तो बंद करवेना, एवढी माणसं जमली होती. दिवाळीपर्यंत त्यात पक्षांचे लोक शिरले, पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्यावर शिवीगाळ झाली, आणि टोळधाडीत रात्र रात्र जागलेले दोन शेजारी त्या ग्रुपामुळे एकमेकांशी बोलेनासे झाले. जुलैतच सगळ्यांचे आभार मानून तो बंद केला असता तर लोकांना तो चांगला आठवला असता. हे मला आजही लागून आहे.

निवडणुकीचा विषय निघालाच तर सांगते, 2024 सालाइतके ग्रुप मी कधी फुटलेले पाहिले नाहीत. एप्रिलात लोकसभा, 20 नोव्हेंबरला विधानसभा. तुमचा ग्रुप मंदावण्यात त्या वर्षाचाही हात असेल, तारखा लावून पाहा.

मग टिकतं काय? तुमच्याच तालुक्यातल्या महिला बचत गटांचे व्हॉट्सॲप ग्रुप उघडून पाहा. दहा-बारा बाया, दिवसाला दोन मेसेज, पण वर्षानुवर्षं चालू. कारण तो गट फोनच्या बाहेर आधीपासून आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी ही पंचसूत्री त्यांना पाठ असते. फोन फक्त निरोप्या. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना ज्या गावात रोज संध्याकाळी होते तिथला ग्रुपही असाच टिकलेला दिसतो. ज्यांची तोंडं रोज एकमेकांना दिसतात त्यांना ग्रुपात वाटेल ते लिहिता येत नाही.

बाया तुमच्या ग्रुपात किती आहेत, हे तुम्ही लिहिलं नाही. निंदण, वेचणी, बियाणं राखणं ही कामं त्या करतात आणि अळी पहिल्यांदा बहुतेक वेळा त्यांनाच दिसते. पण ग्रुपात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. आमच्या एका ताईनं पांढऱ्या माशीवर फार चांगलं सांगितलं आणि त्या रात्री तिला अनोळखी नंबरवरून फोन सुरू झाले. तिनं ग्रुप सोडला, तिच्यामागून आणखी सहा जणी गेल्या. तेव्हापासून मी बायांचा वेगळा छोटा ग्रुप ठेवते आणि तिथलं उत्तर त्यांची परवानगी घेऊन, त्यांना हवं असेल तरच नावानिशी, मोठ्या ग्रुपात मांडते.

नियमांबद्दल मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं. धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथं ग्रामसभेत मतदान करून बहुमतानं निर्णय होत नाहीत, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलतात. आणि त्याआधी अभ्यासगटात विषय समजून घेतात. अभ्यास वेगळा, निर्णय वेगळा. त्याच 2009 साली एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते जंगल, पाणी, कुरणं लोक स्वतः कशी सांभाळतात या अभ्यासासाठी. त्यांना दिसलं ते असं की जिथं आत कोण आणि बाहेर कोण हे स्पष्ट असतं, नियम वापरणारेच ठरवतात, आणि चुकणाऱ्याला शिक्षा हळूहळू चढत जाते, तिथं सामाईक गोष्ट टिकते. मोबाईलवरचा ग्रुप ही अशीच सामाईक गोष्ट आहे, आणि ती चराऊ रानासारखी उजाड होते.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा. हजाराचा ग्रुप मोडू नका. सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिननं लिहायचं असं करा आणि त्याचा फळा करून टाका: हवामान, खरेदी केंद्राची तारीख, पीकविम्याची मुदत, कृषी विद्यापीठाचा सल्ला. जाहिराती टाकायच्याच तर तुमच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, ॲडमिनच्या हातून, "जाहिरात" असं वर लिहून.

खरा ग्रुप वेगळा आणि छोटा काढा. चाळीस माणसं, एकाच नाल्याच्या किंवा एकाच प्रकारच्या जमिनीची, जी बाजारात एकमेकांना भेटतात. नियम तुम्ही ठरवू नका. मृगाच्या आधी एकदा सगळ्यांना कोणाच्या तरी गोठ्यात बसवा आणि त्यांनाच ठरवू द्या. आमच्या एका ग्रुपानं ठरवलेला नियम मला फार आवडतो: प्रश्न विचारणाऱ्यानं पेरणीची तारीख, जमीन, शेवटची फवारणी आणि पानाच्या खालच्या बाजूचा फोटो दिल्याशिवाय औषधाचं नाव कोणी घ्यायचं नाही. औषधं मिसळण्याचा सल्ला तर द्यायचाच नाही, त्यासाठी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) फोन लावायचा. कोणी नियम मोडला तर ग्रुपात झापू नका. आधी फोन करा. दुसऱ्यांदा आठवडाभर बाहेर ठेवा. तिसऱ्यांदा काढा, पण का काढलं ते सगळ्यांना सांगून. ॲडमिनही दर हंगामाला बदला. एकच माणूस वर्षानुवर्षं ॲडमिन राहिला की ग्रुप त्याच्या मर्जीवर चालतो, आणि तो थकला की बसतो. तुमच्या पत्रातही थकवा दिसतो, भाऊ. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसऱ्याच्या हातात द्या आणि एक हंगाम नुसते सभासद म्हणून राहा.

हे सगळं करण्याआधी मात्र एक काम आहे. जी पाच-सहा जाणती माणसं निघून गेली त्यांची नावं कागदावर लिहा. त्यांना ग्रुपची लिंक पाठवू नका. त्यांच्या घरी जा, शक्य असेल तर वावरात जा. "तुम्ही का गेलात" असंही लगेच विचारू नका. त्यांच्या पऱ्हाटीतून चक्कर मारा, यंदा काय केलं ते विचारा आणि ऐकून घ्या. मी काकांकडे तसं गेले होते तेव्हा पहिल्या खेपेला ग्रुपचा विषयच निघाला नाही. दुसऱ्या खेपेला मी त्यांना त्या दिवशी गप्प राहिल्याची माफी मागितली. तिसऱ्या खेपेला त्यांनीच विचारलं, "चाळीसच लोकं आहेत म्हणता ना?" आता ते टाइप करत नाहीत. त्यांचा नातू त्यांच्याजवळ बसून लिहितो, आणि अधूनमधून ते नातवालाच विचारतात, तू सांग, सापळ्यात किती आले?